सहावी पट्टी

दरवर्षी परीक्षा जवळ आली की माझ्या टेबलावर जर्नलांचा ढीग पडतो आणि माझं डोकं फिरायला लागतं. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. उजव्या पानावर हेतू, साहित्य, कृती आणि निष्कर्ष, डाव्या पानावर पेन्सिलीने काढलेली आकृती. मी खामगावच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत इतकी जर्नलं तपासलीत की आता झोपेतसुद्धा सही करता येईल. तपासण्याचा मला कंटाळा नाही. राग आहे तो अकराव्या प्रयोगाच्या पानाचा.

त्या पानावर प्रत्येक जर्नलात एकच चित्र असतं. एक उभा चौकोन आणि त्यात एकाखाली एक सहा आडव्या रेघा, स्केल लावून मारलेल्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. समोरच्या पानावर निष्कर्ष असतो, 'डीएनएचे सहा तुकडे झाल्याचे दिसून आले.' दिसून आले म्हणे! कुणाला दिसून आले? यांनी पाहिलेलं नसतं. ज्यांच्या जर्नलावरून यांनी उतरवलं त्यांनीही कुणाच्या तरी जर्नलावरूनच उतरवलेलं असतं. आणि खाली लाल शाईने जिची सही असते, तिनेही पाहिलेलं नसतं. ती सही माझी.

प्रयोग तसा साधा आहे. काही जिवाणूंकडे एक प्रकारची कात्री असते. विषाणू हल्ला करतो आणि आपला डीएनए जिवाणूच्या आत सोडतो, तेव्हा ही कात्री तो डीएनए चिरून टाकते. कुठेही नाही चिरत, ठरावीक सहा अक्षरं ठरावीक क्रमाने आली असतील तिथेच. जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही तीच अक्षरं असतात, पण त्यांच्यावर त्याने आधीच खूण करून ठेवलेली असते, त्यामुळे घरचं काही कापलं जात नाही. हिला रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणतात. माणसाने ती जिवाणूकडून उचलली. औषधाचं इन्सुलिन असो की आमच्याकडे सगळे पेरतात ते बीटी कापसाचं बियाणं, एकीकडचं जनुक कापून दुसरीकडे जोडायचं म्हटलं की ही कात्री हाताशी लागते. आमच्या अभ्यासक्रमात आहे ती आतड्यातल्या जिवाणूची, इको-आर-वन नावाची. तो शेवटचा वन रोमन आकड्यात लिहितात, म्हणून अर्धा वर्ग 'इको-आर-आय' वाचतो. तेही मी सव्वीस वर्षं दुरुस्त करत आलेय.

प्रयोगासाठी एका विषाणूचा डीएनए विकत मिळतो. त्याच्यात ती अक्षरं पाच ठिकाणी आहेत. दोरी पाच ठिकाणी कापली तर तुकडे सहा होतात, हे चौथीच्या पोरालाही कळतं. मग हे तुकडे खळीसारख्या पारदर्शक वडीत एका टोकाला भरायचे आणि वडीतून वीज सोडायची. ही वडी म्हणजे जेल. आठवडी बाजाराच्या गर्दीतून लहान पोर झटकन सटकतं आणि पिशव्यांचं ओझं घेतलेला माणूस मागे अडकतो, तसे लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. वर रंग चढवून अतिनील दिव्याखाली धरलं की एकेका लांबीच्या तुकड्यांची एकेक पट्टी चमकते. हे सगळं मी फळ्यावर इतकं रंगवून सांगते की पोरं पाहत राहतात. आणि मग मी म्हणते, चला, आता जर्नलात उतरवून घ्या.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिल्यांदा एन्झाइम मागवलं तेव्हा ते आलं एप्रिलात. उणे वीस अंशांवर ठेवायची वस्तू! खोक्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत 'थंड ठेवा' लिहिलं होतं. त्या दिवशी मी पेपर तपासायला अमरावतीला होते. फाटकावरच्या चौकीदाराने खोकं इमानदारीत आपल्या खोलीत पंख्याखाली ठेवलं. तीन दिवसांनी मी आले तर म्हणतो कसा, "थंडच हाय म्याडम, पंखा बंद केला नाही मी." आता या माणसाला काय बोलायचं? आत बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं आणि ते पाणीही कोमट होतं. दुसऱ्यांदा एन्झाइम धडधाकट आलं, तर अतिनील दिवा मोडलेला निघाला. तो दुरुस्त व्हायला नागपूरला गेला आणि परत येईपर्यंत एन्झाइमची मुदत संपली. पुढे मागणीपत्रावर दरवर्षी वरून शेरा यायचा, 'यंदा टाळता येईल का?' टाळता येतच होतं. सहा रेघा तर सगळ्यांना येत होत्या.

एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकाने ते पान उघडून एका मुलाला विचारलं, "सहाच्या सहा वेगवेगळ्या दिसल्या का रे?" मुलगा छाती काढून म्हणाला, "हो सर." परीक्षक हसले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही करून पान उलटलं. ते हसणं मला अनेक वर्षं सलत राहिलं. माणूस शिष्ट आहे, अशी मी समजूत करून घेतली होती.

येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होतेय. हार, श्रीफळ, शाल, चार भाषणं, सगळं होईल. भाषणात कुणीतरी म्हणेल की मॅडमनी दोन पिढ्यांना जनुकशास्त्र शिकवलं. आणि मी खुर्चीत बसून विचार करत राहीन, की ज्या गोष्टीवर ते सगळं शास्त्र उभं आहे ती एकदाही डोळ्यांनी न पाहता मी सव्वीस वर्षं 'दिसून आले'खाली सही केली. ते मला नको होतं. जाण्याआधी एकदा, एका तरी बॅचला खरं दाखवायचं आणि स्वतः पाहायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

म्हणून यंदा मी कुणावर विसंबले नाही. मागणीपत्र घेऊन स्वतः दारोदार फिरले, पार्सल आल्याचा फोन आला तशी कुरिअरच्या ऑफिसात गेले आणि थर्मोकोलचं खोकं मांडीवर घेऊन ऑटोतून परत आले. आत बोटाच्या पेराएवढी नळी, तिच्या तळाशी डोळ्यात घालायच्या औषधाच्या थेंबाएवढं एन्झाइम. ती मी प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ठेवली, दारावर कागद चिकटवला, 'हात लावू नये', आणि खाली सही केली. चार दिवसांवर दसरा होता. सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी प्रयोग घ्यायचा, असं वर्गाला सांगून टाकलं.

इथे आमच्या भाऊंबद्दल सांगायला हवं. भाऊ म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. काचसामान धुणं, जिवाणू वाढवायची माध्यमं उकळणं, मोटार बिघडली तर उघडून बसवणं, सगळं एकहाती. तरुणपणी ते इथल्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होते, ती बंद पडल्यावर आमच्याकडे आले. माणूस कामाला वाघ, पण सरकी वेगळी करणाऱ्या त्या मशिनींनी त्यांना जे शिकवलं ते त्यांच्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. मशीनचा आवाज ऐकून तिची तब्येत सांगतात. आवाज बिघडला की तिला म्हणतात, "थकली बाप्पा."

सुट्टी संपली. मी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं आणि आत पाऊल टाकल्याबरोबर झेंडूचा वास आला. प्रत्येक सूक्ष्मदर्शकाला कुंकवाचं बोट, सेंट्रिफ्यूजला हार, इन्क्युबेटरवर आपट्याची पानं. हे दरवर्षीचंच. मी हसून फ्रीझरकडे वळले आणि जागीच थांबले. फ्रीझर लख्ख होता, इतका पांढरा मी तो कधीच पाहिला नव्हता. दारावरचा माझा कागद नव्हता, त्या जागी हळदकुंकवाचं स्वस्तिक होतं. दार उघडलं. आत वर्षानुवर्षांचा बर्फाचा थर होता तो नाहीसा झालेला. एन्झाइमची नळी आपल्या खाचेत नीट उभी होती आणि तिच्या इवल्याशा झाकणावर कुंकवाचा टिळा होता.

वर्गात मी पुस्तकी बोलते. राग आला की मात्र माझी भाषा जिनिंगच्या फाटकासमोरची होते. "भाऊ!" मी ओरडले. भाऊ कपडा घेऊन आत आले. "हे काय केलं तुम्ही? फ्रीझर काऊन बंद केला?"

"दसऱ्याले केला नं म्याडम. धुतला. इतका बर्फ साचला होता त्याच्यात, बिचाऱ्याचा दम कोंडून राह्यला होता."

"किती वेळ बंद होता?"

"दसऱ्याच्या सकाळी प्लग काढला, दुसऱ्या दिवशी पूजा हलवली मंग लावला. आमच्या जिनात तसंच होतं. दसऱ्याच्या दिवशी मशीनले हात लावत नाही. बाराही महिने राबते ते, एक दिवस तिले आराम पायजे का नाही?"

"अन् हे एन्झाइम? याले कुठं ठेवलं होतं?"

"ताटात." भाऊ अगदी शांतपणे म्हणाले. "तुम्ही त्याले इतकं जपून आणलं, मांडीवर घिऊन. म्हटलं, हेबी हत्यारच हाय. तुम्हीच पोराईले सांगता नं, कात्री हाय म्हून. तं त्याचीबी पूजा केली."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पूजा घरी करायची असते इथपासून तुमच्या अकलेला गंज चढलाय इथपर्यंत सगळं बोलले. उणे वीसची वस्तू एक दिवस आणि एक रात्र ऑक्टोबर हीटमध्ये, पितळेच्या ताटात, तांदळाच्या दाण्यांवर! माझं सव्वीस वर्षांचं राहून गेलेलं एकमेव काम या माणसाने झेंडू वाहून संपवलं होतं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, हातातला कपडा पिळला आणि म्हणाले, "मी कागद वाचला होता म्याडम. पण वर्षाच्या सणाले पूजेपुरता हात लावा लागते." मग बादली उचलून बाहेर गेले.

तेवढ्यात वर्ग आला. अठरा मुलंमुली, पांढरे कोट, हातात कोरे रुमाल. पहिल्या बाकावर पिंपळगाव राजा या गावची मुलगी. घरी भाजीपाला पिकवतात, सकाळची एसटी धरून येते. तिची थोरली बहीणही चार वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून गेलेली. या धाकटीने विचारलं, "मॅडम, आज खरंच दिसणार ना?" मला तिला 'नाही' म्हणवेना. नवं एन्झाइम यायला दोन महिने लागले असते, तोवर परीक्षा उरकली असती. म्हटलं, मेलेलं असलं तर मेलेलं दाखवू. चला.

डीएनए, बफरचं द्रावण, पाणी आणि टिळा लावलेल्या नळीतलं एन्झाइम, असं एका छोट्या नळीत मिसळलं. सदतीस अंशांवर एक तास ठेवायचं असतं, मी चिडून दोन तास ठेवलं. नंतर थोडं गरम करून जेलमध्ये भरलं, शेजारच्या खाचेत न कापलेला डीएनए भरला आणि वीज सुरू केली. निळा रंग हळूहळू पुढे सरकू लागला. वीज जाईल या धास्तीने मी दर पाच मिनिटांनी पंख्याकडे पाहत होते. वीज गेली नाही. दुपारचे चार वाजले होते. पडदे ओढले, जेल दिव्यावर ठेवली, डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून सगळ्यांना चष्मे दिले आणि बटण दाबलं.

आणि पट्ट्या चमकल्या. नारिंगी, स्वच्छ. शेजारी न कापलेल्या डीएनएची वर एकच जाड पट्टी आणि इकडे एकाखाली एक उतरत गेलेल्या. वर्ग एकदम ओरडला. माझे डोळे भरून आले, ते चष्म्यामुळे कुणाला दिसले नाहीत. मेलेलं नव्हतं ते. एवढं सगळं होऊनही कात्री चालली होती. भाऊसुद्धा दारातून आत येऊन सगळ्यांच्या मागे उभे होते. चष्मे संपले म्हणून एका मुलाने आपला काढून त्यांना दिला. ते वाकून पाहत राहिले आणि मग बोटाने हवेत मोजत म्हणाले, "पाच."

मी मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या, खालून वर. पाच.

"तिसरी जराशी जाड हाय," भाऊ म्हणाले.

माझा आनंद तिथल्या तिथे विझला. सहा हव्यात. पुस्तकात सहा आहेत, फळ्यावर मी सहा काढते, पाच कापांचे सहाच तुकडे होतात. म्हणजे एन्झाइम अर्धमेलं झालं होतं आणि एक काप राहून गेला होता. मी चष्मा काढला आणि भर वर्गात भाऊंना म्हणाले, "पाहा तुमच्या पूजेचा परिणाम. एक पट्टी खाल्ली तिनं." वर्ग हसला. भाऊंनी चष्मा त्या मुलाला परत दिला आणि मान खाली घालून निघून गेले. मी मुलांना सांगितलं की एन्झाइम नीट न साठवल्यामुळे आपल्याला एक पट्टी कमी मिळाली, खऱ्या सहा असतात. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

घरी गेल्यावरही मन शांत होईना. संग्रामपूरकडचा माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादला प्रयोगशाळेत काम करतो, हीच कात्री रोज वापरतो. संध्याकाळी त्याला जेलचा फोटो पाठवला आणि फोन केला. दसऱ्याची सगळी कहाणी सांगितली. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "मॅडम, जेल एकदम परफेक्ट आहे. हे एन्झाइम चिवट असतं, एखादा दिवस बाहेर राहिलं तरी चालतं."

"परफेक्ट काय? पाचच आहेत."

"पाचच दिसतात मॅडम. मधले दोन तुकडे जवळजवळ सारख्या लांबीचे आहेत, ते एकाच जागी येऊन बसतात. म्हणून तिसरी जाड आहे बघा. लांब जेल घेऊन खूप सावकाश चालवली तरच कुठे त्या वेगळ्या होतात. आपल्या छोट्या जेलवर कुणालाच सहा दिसत नाहीत."

तो पुढे जरा चाचरत म्हणाला, "आणि मॅडम, अर्धवट कापलं गेलं असतं तर पट्ट्या कमी नाही, जास्त आल्या असत्या. कापायचे राहिलेले जोडतुकडे वेगळे दिसले असते. हे तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला."

हो, मीच शिकवलं होतं. फळ्यावर.

"तू मला कधी सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"कसं सांगणार मॅडम? इथे पहिल्यांदा पाच पाहिल्या तेव्हा मी पण घाबरलो होतो. चांगलं एन्झाइम खराब म्हणून फेकून दिलं. सगळ्या लॅबला कळलं की याने हा प्रयोग कधी केलेलाच नाही."

त्या रात्री मला ते हसलेले परीक्षक आठवले. ते शिष्ट नव्हते. त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नात आमचं सगळं उघडं पडलं होतं आणि ते कळण्याइतकीही मला माहिती नव्हती. स्वतःचा इतका संताप मला क्वचित आला असेल.

दुसऱ्या दिवशी आधी भाऊंकडे गेले. ते परीक्षानळ्या धूत होते. म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. पाचच बरोबर होत्या. तुम्ही मोजलं ते बरोबर, जाड म्हणाले तेबी बरोबर. पोरांसमोर बोलली, ते लय वाईट केलं." भाऊंनी नळ बंद केला. म्हणाले, "जाऊ द्या म्याडम. मशीन चांगली चालली नं पण?" आणि पुढची नळी उचलत, "आराम भेटला म्हून चालली." पुढच्या वर्षी हा माणूस पुन्हा प्लग काढणार, यात मला तिळमात्र शंका नाही. तेव्हा मी इथे नसेन, दुसरं कुणीतरी डोकं आपटून घेईल.

मग वर्गात जाऊन सगळं खरं सांगितलं. पाच दिसतात, का दिसतात, माझं काय चुकलं, सगळं. आता जर्नलात जे पाहिलं तेच काढा, असं बजावलं. मुलांनी माना हलवल्या. मला हलकं वाटलं. निवृत्तीच्या आधी एक तरी गोष्ट सरळ झाली, असं मनात आलं.

आठवड्याने जर्नलं आली. अठरा जर्नलं, अकरावा प्रयोग. पहिलं उघडलं, सहा रेघा. दुसरं, सहा. तिसरं, चौथं, सगळ्यांत सहा, स्केल लावून, सारख्या जाडीच्या. 'दिसून आले.' माझ्या अंगाची लाही झाली. मी ढीग उचलून तसाच वर्गात नेला आणि टेबलावर आपटला. "तुमच्या डोळ्यांनी पाहिलं ना? मी सांगितलं ना? मग कुणाच्या बापाच्या सहा आहेत या?"

शेवटी पिंपळगाव राजाची ती मुलगी उभी राहिली. तिने दप्तरातून एक जुनं जर्नल काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "मॅडम, हे माझ्या ताईचं. परीक्षेत पाचाला मार्क कापतात, म्हणून आम्ही सहा काढल्या. यात लिहिलेलंच आहे."

मी अकरावं पान उघडलं. उभा चौकोन. त्यात पाच रेघा. स्केल न लावता हाताने काढलेल्या, आणि तिसरी मुद्दाम दोनदा गिरवून जाड केलेली. त्या तिसऱ्या रेघेभोवती लाल शाईचा गोल होता आणि बाजूला माझं अक्षर. 'एक पट्टी राहिली. ही रेघ जाड का? नीट पाहून पुन्हा काढा.' खाली अर्धा गुण कापलेला आणि माझी सही.

"ताईने कुठे पाहिलं होतं हे?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात ट्रेनिंगला गेली होती ना मॅडम, नागपूरला, पंधरा दिवस. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने करायला लावलं होतं."

मी वर्गाला काय सांगितलं ते मला आठवत नाही. जर्नल घेऊन स्टाफरूममध्ये आले, धाकटीकडून नंबर घेतला आणि फोन लावला. मागून कुणाच्या तरी हाका, पोत्यांची ओढाताण, रिक्षाचा आवाज येत होता. थोरली आता घरच्या भाजीचं सगळं पाहते, सकाळी माल गाडीत चढवून देते, असं धाकटीने सांगितलं होतं. मी नाव सांगितल्यावर तिचा आवाज एकदम वर्गातला झाला. "म्याडम? तुम्ही? बोला नं."

मी विचारलं, "अकरावा प्रयोग आठवतो का? तू पाच पट्ट्या काढल्या होत्या."

"हाव म्याडम." क्षणभरही न थांबता. "तुम्ही अर्धा मार्क कापला होता."

"पाचच बरोबर होत्या गं. तिसरी जाड, तेही बरोबर. चूक माझी होती. मी तेव्हा पाहिलेलंच नव्हतं. मग तू भांडली काऊन नाही माझ्याशी? तू तर डोळ्यांनी पाहिल्या होत्या."

ती थोडी हसली, संकोचाने. मागे कुणीतरी तिला टमाट्याचे क्रेट किती झाले ते विचारत होतं. तिने फोन बाजूला न धरताच त्याला उत्तर दिलं, "वीस," आणि मग मला म्हणाली, "तुम्ही लिहिलं होतं नं म्याडम, नीट पाहून काढा म्हून. मले वाटलं, मीच मोजायले चुकली. मंग ट्रेनिंगच्या वहीतबी मी सहाच करून टाकल्या."